जुन्या सीडीतलं कीर्तन कुठल्या प्लेअरवर चांगलं वाजतं? सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी आणि एमपी३ च्या आवाजातला फरक समजून घ्या

गावोगावी देवळाच्या कपाटात, भजनी मंडळाच्या पेटीत नाहीतर घरातल्या टीव्हीखालच्या खणात अजूनही सीड्यांचा गठ्ठा सापडतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सप्ताहातली कीर्तनं, एखाद्या गेलेल्या महाराजांचा आवाज, लग्नाचं शूटिंग, आजीच्या ओव्या, असं बरंच काही त्यात आहे. पण लावायला गेलं की एका प्लेअरवर आवाज गोड येतो, दुसऱ्यावर चिरका येतो, तिसऱ्यावर तर सीडी फिरत राहते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ लिहून येतं. मग कोणी म्हणतं, जुना सीडी प्लेअरच भारी. कोणी म्हणतं, डीव्हीडी नवीन म्हणजे तिचा आवाज चांगलाच असणार.

या दोन्ही बोलण्यांत अर्धंच खरं आहे. आवाज कुठे बिघडतो हे कळलं तर नवा प्लेअर घ्यायचे पैसे वाचतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या सीडीची दुसरी प्रत कुठेच नाही ती वेळेत वाचवता येईल.

तबकडीवर नेमकं काय असतं?

सीडीचं तंत्र फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलं. सोनीचा पहिला प्लेअर ‘सीडीपी-१०१’ ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आला. तेव्हा ठरलेलं माप आजही तेच आहे. तबकडी १२ सेंटीमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर जाड. तिच्यावर आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. एका सेकंदात आवाजाचं माप ४४,१०० वेळा घेतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. यालाच १६ बिट म्हणतात.

हे आकडे उगाच ठरलेले नाहीत. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि वय वाढतं तशी वरची हद्द खाली येते. जो सर्वांत बारीक आवाज साठवायचा, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा माप घ्यावं लागतं. म्हणून ४४,१००. म्हणजे कानाला लागेल तेवढं सगळं साध्या ऑडिओ सीडीत बसतं.

प्लेअरचं काम तीन टप्प्यांत चालतं. लेझरचा किरण तबकडीवरच्या बारीक खुणा वाचतो. मग चुकलेले आकडे दुरुस्त होतात. शेवटी एक चिप त्या आकड्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करते आणि ती लहर लाल-पांढऱ्या पिनेतून मशीनकडे जाते. या चिपला ‘डॅक’ म्हणतात. दोन प्लेअरच्या आवाजात फरक असेल तर तो या तीन जागांपैकी कुठेतरी असतो.

सगळ्या तबकड्या दिसायला सारख्या, आत वेगळ्या

हातात घेतली की सगळ्या तबकड्या सारख्याच चमकतात. पण आत आवाज किती दाबून भरलाय, यावर सगळं अवलंबून आहे.

ऑडिओ सीडी : यात आवाज दाबलेला नसतो. एका सेकंदाला १,४११ किलोबिट एवढी माहिती. म्हणून एका सीडीत ७४ ते ८० मिनिटंच मावतात.

व्हीसीडी : हे माप १९९३ मध्ये ठरलं. तेवढ्याच जागेत चित्रही बसवायचं असल्याने आवाजाला सेकंदाला २२४ किलोबिट मिळतात, म्हणजे ऑडिओ सीडीच्या साधारण सहावा हिस्सा. तमाशा, लोकनाट्य, लग्नं आणि सप्ताह यांचं बरंचसं शूटिंग आपल्याकडे व्हीसीडीवरच झालं.

डीव्हीडी : १९९६ मध्ये जपानमध्ये बाजारात आली. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. आवाज न दाबताही ठेवता येतो, पण चित्रपटांत तो बहुतेकदा ‘डॉल्बी डिजिटल’ पद्धतीने दाबलेला असतो. हा आवाज पाच स्पीकर आणि एक वूफर यांच्यासाठी वेगवेगळा केलेला असू शकतो. पुढे येणारी एक भानगड इथूनच सुरू होते.

एमपी३ सीडी : बाजारात ‘एकाच सीडीत दीडशे भजनं’ म्हणून मिळायची ती ही. १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये मूळ आवाजाचा साधारण अकरावा हिस्साच उरतो. त्यामुळे ७०० एमबीच्या सीडीत बारा तासांहून जास्त गाणी मावतात. कानाला सहसा न जाणवणारा भाग काढून टाकायचा, अशी ही पद्धत आहे. पण फार दाबलं की जाणवणारा भागही जातो.

हा फरक ऐकायचा असेल तर टाळ आणि झांज ऐका. पखवाज आणि पेटी एमपी३ मध्येही बऱ्यापैकी टिकतात. टाळाचा आवाज मात्र फार बारीक आणि पसरलेला असतो, दाबताना पहिला मार त्यालाच बसतो. चांगल्या ऑडिओ सीडीत टाळ वाजून त्याची आस हवेत विरताना ऐकू येते. फार दाबलेल्या एमपी३ मध्ये तिथे पाण्यात हात हलवल्यासारखा ‘खळखळ-सळसळ’ आवाज येतो.

आणखी एक गोष्ट. एमपी३ वरून पुन्हा ऑडिओ सीडी बनवली म्हणून गेलेला आवाज परत येत नाही. एकदा दुधात पाणी पडलं की मोठ्या भांड्यात ओतून ते घट्ट होत नाही.

मग प्लेअरमुळे फरक पडतो का?

पडतो, पण लोक समजतात तेवढा नाही. सुरुवातीच्या काळात फरक मोठा होता. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटची चिप होती आणि कमी पडलेलं काम दुसऱ्या युक्तीने भरून काढलं होतं. सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये १६ बिटची चिप होती, पण डाव्या आणि उजव्या बाजूला मिळून एकच. ती आळीपाळीने दोन्हींचं काम करायची. तेव्हा कोणता प्लेअर चांगला, यावर वाद घालण्यात अर्थ होता.

पुढे चांगल्या चिप स्वस्त झाल्या. साध्या डीव्हीडी प्लेअरमध्येही सीडीच्या गरजेपेक्षा वरच्या दर्जाची चिप येऊ लागली. त्यामुळे लेन्स स्वच्छ असेल, सीडी चांगली असेल आणि मशीन-स्पीकर तेच असतील, तर चालू स्थितीतल्या दोन प्लेअरमध्ये ऑडिओ सीडीचा आवाज ओळखता येईल असा फरक बहुतेक वेळा नसतो.

परदेशात यावर बरेच प्रयोग झाले. १९९९ नंतर ‘सुपर ऑडिओ सीडी’ आणि ‘डीव्हीडी ऑडिओ’ या महागड्या तबकड्या आल्या. साध्या सीडीपेक्षा त्यांचा आवाज सरस, असं सांगितलं जायचं. अमेरिकेतल्या मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये याची परीक्षा प्रसिद्ध केली. ऐकणाऱ्यांना कधी मूळ उच्च दर्जाचा आवाज ऐकवला, तर कधी तोच आवाज साध्या सीडीच्या मापात उतरवून. कोणता कुठला हे सांगितलं नव्हतं. एकूण ५५४ वेळा विचारलं, त्यात २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी एवढंच आलं असतं.

म्हणजे साध्या सीडीचं माप कमी पडत नाही. आपल्याकडे आवाज बिघडतो तो दुसऱ्याच कारणांनी.

आवाज बिघडायची खरी कारणं

पहिलं कारण स्पीकर. देवळावरच्या भोंग्यातून जाड आवाज निघतच नाही आणि फार बारीक आवाजही नाही. माणसाचं बोलणं लांबवर जावं, यासाठी तो बनलेला आहे. भोंग्यावर ऑडिओ सीडी आणि बरी एमपी३ यांतला फरक शोधणं म्हणजे चाळणीने पाणी मोजणं. सभामंडपात चांगले बॉक्स स्पीकर असतील तरच फरक दिसतो. ब्लूटूथ स्पीकरवर तर आवाज वाटेतच आणखी एकदा दाबला जातो.

दुसरं कारण सेटिंग. डीव्हीडी प्लेअरला दोनच स्पीकर जोडलेत आणि मेनूत ५.१ निवडलेलं आहे, असं बऱ्याच ठिकाणी असतं. अशा वेळी मधल्या स्पीकरचा आवाज बाहेरच येत नाही, आणि चित्रपटात बोलणं नेमकं त्या मधल्याच स्पीकरला दिलेलं असतं. मग संगीत मोठं आणि बोलणं पुसट, अशी तक्रार होते. मेनूत ऑडिओ सेटअपमध्ये जाऊन ‘स्टीरिओ’ किंवा ‘डाउनमिक्स’ निवडलं की दुरुस्ती झाली. पैसा लागत नाही.

व्हीसीडीत वेगळी गंमत असते. काही व्हीसीड्यांत एका बाजूला गायकासह गाणं आणि दुसऱ्या बाजूला नुसतं संगीत भरलेलं असतं. रिमोटवरचं ‘ऑडिओ’ किंवा ‘एल/आर’ बटण चुकून दाबलं गेलं की गाणारा गायब होतो. सीडी खराब झाली असं समजून ती टाकून देऊ नका, आधी ते बटण दाबून बघा.

तिसरं कारण वायर आणि अर्थिंग. सतत ‘गुंऽऽ’ असा आवाज येत असेल तर तो सीडीतला नाही. पिन सैल असते, वायरची जाळी तुटलेली असते किंवा प्लेअर आणि मशीन वेगवेगळ्या बोर्डावरून चालू असतात. दोन्हींचा प्लग एकाच बोर्डाला लावून बघा. अर्थिंगची वायर मात्र कधीही तोडू नका.

चौथं आणि मोठं कारण म्हणजे वाचता न येणं. सीडीत चूक दुरुस्त करायची सोय मूळातच आहे. वाटेत अडीच मिलिमीटरपर्यंतचा भाग सलग वाचता आला नाही, तरी प्लेअर तो आकड्यांच्या हिशेबाने जसाच्या तसा भरून काढतो. त्याहून थोडं जास्त गेलं तर मागचा-पुढचा आवाज बघून अंदाजाने सांधतो. त्याच्याही पुढे गेलं की ‘कट-कट’ येतं, आवाज तुटतो किंवा सीडी एकाच जागी अडकते. म्हणजे सीडी हळूहळू चिरकी होत नाही. बराच काळ ती ठणठणीत वाजते आणि एके दिवशी अचानक बसते.

डीव्हीडी वाजते, पण सीडी वाजत नाही. असं का?

दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न नेहमीचा. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, तो डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो. डीव्हीडी प्लेअरमध्ये दोन्हींची सोय असते आणि त्यातला एक कमजोर झाला तरी दुसरा चालू राहतो. म्हणून एकच प्लेअर डीव्हीडी वाजवतो आणि सीडी नाकारतो, किंवा याच्या उलटही होतं.

यात घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीचा त्रास जास्त. कारखान्यात छापलेल्या सीडीवर खड्डे दाबून उठवलेले असतात. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या सीडीत रसायनाचा रंगीत थर असतो आणि लेझरने तो भाजून खुणा केलेल्या असतात. त्या मुळातच कमी चमकतात, त्यात वर्षं गेली की रंग उतरतो. ऊन, उष्णता आणि ओल यांनी तो लवकर उतरतो. पत्र्याच्या घरात, खिडकीशेजारी ठेवलेली सीडी म्हणून आधी जाते. आपल्या सप्ताहाच्या आणि लग्नाच्या सीड्या जवळपास सगळ्या याच जातीच्या आहेत.

वापरलेला प्लेअर घेताना काय बघायचं?

नवे प्लेअर दुकानात फारसे मिळत नाहीत. जुना घ्यायचा असेल तर स्वतःच्या सीड्या बरोबर घेऊन जा : एक छापील ऑडिओ सीडी, एक घरी भरलेली, एक व्हीसीडी आणि एक एमपी३. प्रत्येक लावून बघा.

ऑडिओ सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणून पहिलं गाणं वाजलं एवढ्यावर समाधान मानू नका. भरलेल्या सीडीचं शेवटचं गाणं लावा, ते कडेजवळ असतं. कमजोर लेन्स तिथे अडखळते. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत आवाज वाढवून ऐका. गुणगुण किंवा सूं-सूं आली तर प्लेअरचा पॉवर सप्लाय नाहीतर वायर खराब आहे. डावा-उजवा दोन्ही स्पीकर चालतात का, तेही बघा. फार जुना, फक्त सीडीचा प्लेअर असेल तर एमपी३ आणि व्हीसीडी त्यावर वाजणार नाहीत. तो त्याचा दोष नव्हे.

दोन प्लेअरमधला चांगला कुठला हे ठरवायचं असेल तर एक साधी परीक्षा घ्या. सीडी तीच, मशीन तेच, स्पीकर तेच. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी करा, मोबाईलवरचं आवाज मोजायचं अॅप त्यासाठी चालतं. हे फार महत्त्वाचं, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला गोड लागतो. मग ऐकणाऱ्याला पाठमोरा बसवा आणि कोणता प्लेअर चालू आहे ते न सांगता दहा वेळा विचारा. नऊ-दहा वेळा बरोबर ओळखलं तर फरक खरा. पाच-सहा वेळाच ओळखलं तर तो अंदाज होता, जो प्लेअर सीड्या नीट वाचतो तो घ्या.

सीडी आणि लेन्स पुसायची पद्धत

सीडी गोल-गोल पुसायची नाही. मधून कडेकडे, सरळ रेषेत, मऊ सुती कापडाने पुसायची. गोल ओरखडा पडला तर तो एकाच रेघेतला सलग भाग खातो आणि चूक दुरुस्त होत नाही. आडव्या ओरखड्याचं नुकसान कमी.

चमकती बाजू जपायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण सीडीची माहिती असते नाव लिहिलेल्या बाजूच्या लगेच खाली. बॉलपेनने जोरात नाव लिहिलं किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढलं की थरच निघून येतो. डीव्हीडीत हा थर दोन पातळ तबकड्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरून थोडी जास्त सुरक्षित.

लेन्स पुसायची तर प्लग काढूनच. उघडा प्लेअर चालू करून लेन्सकडे बघू नका, लेझरने डोळ्याला इजा होऊ शकते आणि सीडीचा लेझर दिसत नसल्याने कळतही नाही.

सगळ्यांत मोठी चूक : ‘सीडीए’ची कॉपी

सीडी वाचवायची म्हणून बरेच जण ती कॉम्प्युटरमध्ये घालतात. तिथे ‘ट्रॅक०१.सीडीए’ अशा फाइली दिसतात. त्या निवडून पेनड्राइव्हवर टाकतात आणि काम झालं म्हणून सीडी फेकून देतात. नंतर पेनड्राइव्ह लावला की काहीच वाजत नाही.

कारण त्या फाइलींत आवाज नसतोच. प्रत्येक फाइल अवघी ४४ बाइटची असते आणि गाणं सीडीवर कुठे आहे, एवढाच पत्ता तिच्यात असतो. घराचा पत्ता लिहून घेतला म्हणजे घर उचलून आणलं असं होत नाही.

ऑडिओ सीडीतला आवाज ‘रिप’ करावा लागतो. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ती सोय आहे. सेटिंगमध्ये ‘वेव्ह’ किंवा ‘फ्लॅक’ निवडा, एमपी३ नको. वेव्हमध्ये ७४ मिनिटांच्या सीडीला साधारण ७५० एमबी जागा लागते. फ्लॅकमध्ये त्याहून बरीच कमी लागते आणि आवाजातलं काहीही जात नाही. मूळ प्रत अशी ठेवा, मोबाईलवर ऐकायला हवी तर त्यावरून एमपी३ बनवा.

व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमधल्या ‘डॅट’ फाइली कॉपी करा. डीव्हीडीतला ‘व्हिडिओ टीएस’ हा फोल्डर पूर्णच्या पूर्ण घ्या. एका ड्राइव्हवर वाचत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा, बऱ्याचदा तिथे वाचते. घरी कॉम्प्युटर नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी फोटो स्टुडिओत किंवा कॉम्प्युटरच्या दुकानात हे काम होऊ शकतं. जाताना एवढं सांगा : ‘आवाज न दाबता वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये काढून द्या.’ घेण्याआधी प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ऐका, मगच पैसे द्या.

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो. जपायची प्रत तशी पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसरी वेगळ्या जागी, दुसऱ्या घरी किंवा हार्डडिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हही कधी ना कधी बसतो. कंपनीने विकलेल्या गाण्यांच्या सीडीच्या प्रती काढून वाटणं किंवा विकणं कायद्यात बसत नाही. आपल्या गावच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग असेल तर मंडळाने आणि गाणाऱ्याच्या घरच्यांनी मिळून ठरवावं.

थोडक्यात लक्षात ठेवा

आवाजाचा दर्जा आधी सीडीत काय भरलंय यावर ठरतो : ऑडिओ सीडी सर्वांत चांगली, व्हीसीडी आणि एमपी३ त्याखाली, डीव्हीडीचं तिच्यात काय भरलंय त्यावर. त्यानंतर स्पीकर, मग सेटिंग आणि वायर. प्लेअरचा नंबर सगळ्यांत शेवटी, आणि त्याच्यातही तो सीडी वाचतो की नाही हेच आधी बघायचं.

घरी भरलेल्या सीड्या आधी काढा, त्यातही ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही त्या सगळ्यांत आधी. प्लेअर पुढच्या वर्षीही कुठेतरी मिळेल. सीडीवरचा रंग एकदा उतरला की त्यातला आवाज कुठल्याच दुकानात मिळणार नाही.